ताप उतरला म्हणून बोट पकडू का?

ताई,

मी सत्तावीस वर्षांची. दोन वर्षं पैसे साठवले, महिनाभराची रजा काढली आणि एकटीच निघाले. पाठीवर एक सॅक, शेवटचे साडेतीन आठवडे तीन लहान बेटांवर काढायचे, एवढाच बेत. पहिल्याच बेटावर चौथ्या दिवशी पोहताना डावं पाऊल प्रवाळावर घासलं. ओरखडा तर आहे, म्हणून वर पट्टी चिकटवली आणि रोज पाण्यात उतरत राहिले. आठव्या दिवशी पाऊल एवढं सुजलं की चप्पल चढेना. दवाखान्यात जखम धुतली, अँटिबायोटिक दिलं. त्या गोळ्या चालू असतानाच दहाव्या दिवशी हुडहुडी भरून ताप आला. डोळ्यांच्या मागे ठणका, अंगात हाडं आहेत की काचा तेच कळेना. रक्त तपासलं तर डेंग्यू. तेव्हापासून चार दिवस हॉस्टेलच्या खोलीत वरच्या बंकवर पडून आहे. मच्छरदाणीला कपाळ टेकवलं की खिडकीतून बोटभर समुद्र दिसतो. माझं बेट म्हणजे तेवढंच.

आज सकाळी ताप उतरला. उद्या सात वाजताच्या बोटीचं तिकीट आधीच काढलेलं आहे आणि इथे ओळख झालेले सगळे त्याच बोटीने पुढच्या बेटावर चाललेत. मी जाऊ ना? घरी यातलं काही सांगितलेलं नाही. आईला कळलं तर पुन्हा मला एकटीला कधी सोडणार नाहीत. आणि पडल्या पडल्या सारखं डोक्यात येतं, हे सगळं माझ्याच चुकीने झालं का?

— वरच्या बंकवरची

प्रिय मैत्रिणी,

तुझं पत्र मिळालं त्याच दुपारी मी तुला घाईघाईने काही ओळी धाडल्या होत्या. ते उत्तर सदराच्या दिवसापर्यंत थांबण्यासारखं नव्हतं. पत्र छापायला तू आता होकार दिला आहेस, म्हणून त्या ओळी इथे पुन्हा देते:

'पुढच्या बेटाची बोट सोड. डेंग्यूत ताप उतरल्यानंतरचे दोन दिवस सगळ्यात जपायचे असतात. तुझ्या बेटावर रोज रक्त तपासायची आणि रात्री-अपरात्री सलाईन लावायची सोय आहे का, ते आत्ता खाली उतरून विचार. नसेल तर बोट घे, पण मोठं इस्पितळ आहे त्या गावाची, आजच, आणि सोबत कुणाला तरी घेऊन. पोटात जोरात दुखलं, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, तर मला विचारत बसू नकोस. तडक डॉक्टरांकडे जा.'

तू गेलीस. दोन रात्री सलाईनवर काढल्यास, तिसऱ्या दिवशी प्लेटलेटचे आकडे वर यायला लागले, आणि परवा तिथूनच मला दुसरं, लांबलचक पत्र लिहिलंस की आता भूक लागते आहे. (ते इथे छापलेलं नाही, पण त्यातल्या गोष्टी पुढे येतील.) ते वाचून मला किती हायसं वाटलं! आता सगळं सविस्तर लिहिते. तुझ्या जागी असलेल्या कितीतरी जणी ती सातची बोट पकडतील, म्हणूनही लिहिते.

ताप उतरला की आपल्याला वाटतं, सुटलो. बहुतेक आजारांत ते खरंही असतं. डेंग्यू त्यात बसत नाही. डास चावल्यापासून साधारण ४ ते १० दिवसांनी ताप येतो, २ ते ७ दिवस टिकतो, आणि बहुतेक लोक त्यातून सरळ बरे होतात. पण काहींच्या बाबतीत नेमका ताप ओसरताना सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरायला लागतात. रक्तातला पातळ भाग बाहेर झिरपतो, आत उरलेलं रक्त घट्ट होतं, रक्तदाब घसरतो. हे घडतं ते ताप गेल्यानंतरच्या २४ ते ४८ तासांत. अंग थंड लागतं, म्हणून बघणारा म्हणतो, 'अरे वा, उतरला ताप.' आणि ते थंडपण बरं होण्याचं नसतं. हात-पाय गार आणि फिकट पडणं, खूप तहान, धाप, विलक्षण गळाठा, जीव कासावीस होणं, उलटीत किंवा शौचाला रक्त: यातलं एक जरी दिसलं तरी डॉक्टर गाठायचे. तू ज्या सकाळी 'आज ताप उतरला' असं आनंदाने लिहिलंस, त्या सकाळपासून तुझे ते तास मोजायला सुरुवात झाली होती. आणि त्यातले बरेचसे तास तू बोटीत, उन्हात, पाठीवर सॅक घेऊन काढणार होतीस.

लहान बेटाचा प्रश्न तिथेच येतो. दवाखाना असतो, माणसं जीव लावून काम करणारी असतात, पण तिथे रक्ताच्या तपासण्या दिवसातून दोनदा होत नाहीत आणि वारा सुटला की बोटी बंद पडतात. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: बेटावर असताना चढा ताप आला आणि डेंग्यू निघाला, तर मोठ्या इस्पितळाजवळ सरकायचं ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच, ताप अंगात असला तरी स्वतःच्या पायांनी चालता येतंय तोवर. पाचव्या दिवसाची वाट पाहायची नाही. नंतर हलवायचं झालं तर फार अवघड होऊन बसतं.

इस्पितळात सगळे तुला एकच विचारत होते, असं तू लिहिलंस: 'प्लेटलेट किती?' घरीदारी, फोनवर, सगळीकडे तेच विचारतात. प्लेटलेट बघायच्याच, पण त्याच कागदावर हिमॅटोक्रिट नावाचा आकडा असतो, तोही बघायचा. रक्त घट्ट होत चाललं की तो चढतो. प्लेटलेट भराभर उतरताहेत आणि हिमॅटोक्रिट चढतो आहे, ही जोडी डॉक्टरांना सावध करते. म्हणून आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट तारखेप्रमाणे एकात एक लावून ठेव. पुढचा डॉक्टर आजच्या आकड्याइतकाच कालचा आकडा मागेल.

गोळ्यांबद्दल तू सहज एक वाक्य लिहून गेलीस, ते वाचून माझ्या पोटात गोळा आला. ताप आला त्या रात्री शेजारच्या बंकवरच्या मुलीने 'अंगदुखीवर' म्हणून दिलेल्या दोन गोळ्या तू घेतल्यास. नाव आठवत नाही म्हणालीस. डेंग्यूची नुसती शंका असली तरी अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या जातीची वेदनाशामकं घ्यायची नसतात, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. चालते ती पॅरासिटामॉल, तीही डॉक्टरांनी सांगितली तेवढीच. मोठ्या धडधाकट माणसालासुद्धा दिवसभरात ४ ग्रॅमच्या वर ती कधीच द्यायची नसते, आणि आजारात डॉक्टर बहुधा त्याहून कमीच ठेवतात. शिवाय सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते बेरजेत धरायचं राहून जातं. पाकिटावरचं मोठं नाव वाचून काही कळत नाही. खाली बारीक अक्षरात घटक लिहिलेले असतात, ते वाचायचे. परक्या देशात तर ते वाचल्याशिवाय कुणाच्याही हातची गोळी तोंडात टाकायची नाही, देणारी कितीही गोड असली तरी.

आणि पाणी. तू चार दिवस नुसतं पाणी पीत होतीस आणि तेही उलटून पडत होतं. अशा वेळी मीठ-साखरेचं पाणी घोट घोट घ्यायचं, घटाघटा नाही. तयार ओआरएसची पाकिटं सॅकमध्ये चार तरी असावीत. नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट भरलेले सहा छोटे चमचे साखर आणि सपाट अर्धा छोटा चमचा मीठ. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच द्रावण ढवळून नातेवाइकांच्या हाती दिलं आणि माणसं वाचवली. हे साधं आहे म्हणून हलकं समजू नकोस. पुरेसं पाणी पोटात जातंय का, हे कळायला दर चार-सहा तासांनी लघवीला होतंय ना, तेवढं बघायचं. होत नसेल, किंवा पोटात काहीच ठरत नसेल, तर सलाईन लागतं. त्याला घरगुती पर्याय नाही.

मच्छरदाणीबद्दल तुला वाटलं, ती आता कशाला, जे व्हायचं ते होऊन गेलं. ती आता तुझ्या खोलीतल्या बाकीच्यांसाठी असते. तापाच्या दिवसांत विषाणू तुझ्या रक्तात असतो. तुला चावलेला डास पुढे दुसऱ्याला चावला की त्यालाही डेंग्यू. हा डास दिवसा चावणारा, सकाळी लवकर आणि दिवस मावळायच्या आधी जास्त. म्हणून आजाऱ्याने दिवसाही जाळीतच झोपायचं. तुझ्या जाळीला कोपऱ्यात भोक होतं आणि तू ते केसांच्या चापाने बंद केलंस, हे तू लिहिलंयस ना, ते फार चांगलं केलंस.

आता पाय. तापाच्या गडबडीत तो मागे पडला, पण माझ्या दृष्टीने इथेच खरं शिकण्यासारखं आहे. प्रवाळ दगडासारखा दिसतो, पण तो सजीवांनी बांधलेला चुन्याचा सांगाडा. वर जिवंत जिवांचा पातळ थर असतो, त्यांत डंख मारणाऱ्या पेशी असतात. पाऊल घासलं की त्वचा फाटते, डंख बसतो, चुन्याचे बारीक कण आत रुततात आणि समुद्राच्या पाण्यातले जंतूही आत शिरतात. म्हणून दिसायला ओरखडा, पण भरून यायला आठवडे. पट्टी चिकटवण्याआधी साबण आणि भरपूर स्वच्छ गोड्या पाण्याने ती जागा घासूनच धुवायला हवी होती. झोंबतं, डोळ्यांतून पाणी येतं, तरी कण निघेपर्यंत धुवायचं. उरलेले चिमट्याने काढायचे. त्यानंतर जखम बुजेपर्यंत समुद्र बंद. खाऱ्या पाण्याने जखम बरी होते, असं बेटावर तुला कुणीतरी सांगितलं. उबदार समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात. ज्यांना यकृताचा आजार किंवा मधुमेह आहे, त्यांच्यात त्यातला एक प्रकार बघता बघता जिवावर उठतो. धडधाकट माणसाचीही जखम चिघळायला साधे जंतू पुरेसे असतात.

सूज आहे तोवर एक कर. लाली जिथवर आली आहे तिथे पेनाने कडेकडेने रेघ ओढ आणि बाजूला वेळ लिही. रेघ ओलांडून लाली पुढे गेली, घोट्यावरून वर लाल पट्टा चढला, जांघेत अवधाण (दुखरी गाठ) आलं, किंवा पुन्हा थंडी वाजून ताप आला, तर तो ताप डेंग्यूचाच उरला-सुरला आहे असं गृहीत धरू नकोस. एकाच अंगात दोन आजार असले की एक दुसऱ्याच्या आड लपतो. डॉक्टरांना प्रत्येक वेळी दोन्ही सांग, पाय उघडून दाखव. अँटिबायोटिकने डेंग्यू जात नाही, पण पायासाठी दिलेला तो कोर्स डॉक्टरांनी बदलला नसेल तर पूर्ण कर. आणि धनुर्वाताचं इंजेक्शन शेवटचं कधी घेतलंस ते आठव. अशा मळक्या जखमेला पाच वर्षं उलटून गेली असतील तर बूस्टर द्यावा लागतो. तुझ्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, तर उद्याच विचार.

'माझ्याच चुकीने झालं का?' तुला बरं वाटावं म्हणून मी 'नाही गं' म्हणणार नाही. पायाचं बऱ्यापैकी तुझ्याकडून झालं. जखम न धुता चार दिवस पाण्यात उतरलीस, आणि का उतरलीस तेही मला कळतं: दोन वर्षं ज्याच्यासाठी पैसे बाजूला टाकले ते समोर आहे आणि पावलावरच्या एका ओरखड्यासाठी काठावर बसायचं, हे कुणालाही जड जातं. पण डास चावला ही तुझी चूक नाही. तू डासांचं मलम लावत होतीस, जाळीत झोपत होतीस. तरीही चावतो. तू या दोन गोष्टींची एकच मोळी बांधून ती डोक्यावर घेतली आहेस. ती सोड. पायाचं तुझं आहे, ते मान्य कर आणि पुढच्या वेळी साबणाने घासून धू. तापाचं तुझं नाही.

आता आई.

तिशीत मी अशाच एका बेटावर भाड्याच्या स्कूटरवरून उजव्या बाजूने उतरले आणि तापलेला सायलेन्सर पोटरीला चिकटला. भाजल्यावर वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं पाय धरायचा असतो, ते मला ठाऊक नव्हतं. कुणीतरी टूथपेस्ट लावली, मी लावून घेतली. तिसऱ्या दिवशी फोड फुटून पू झाला आणि मी दवाखान्यात पालथी पडले होते. तेव्हाच आईचा फोन आला. 'कसला गं आवाज येतोय?' म्हणाली. मी म्हटलं, 'समुद्राचा.' तो खाटेच्या डोक्यावरच्या पंख्याचा आवाज होता. आई म्हणाली, 'बरं.' पुढे कितीतरी वर्षांनी, पोटरीवरचा डाग दिसला तेव्हा सहज म्हणाली, 'त्या दिवशी पंखा होता ना तो? समुद्र असा एकसारखा वाजत नाही.' तिला तेव्हाच कळलं होतं. त्या रात्री ती झोपली नव्हती, आणि विचारायचं तरी कसं म्हणून गप्प राहिली होती. मला पोटरीपेक्षा ते जास्त लागलं.

तेव्हा आजच फोन कर. पण रडत, अर्धवट, 'मला बरं नाहीये' एवढंच सांगू नकोस. तेवढ्याने घरातली माणसं हादरून जातात आणि तुझ्यापर्यंत पोहोचायला त्यांच्या हातात काहीच नसतं. आधी कागदावर लिहून घे: काय झालं, कोणत्या तारखेला, कुठे दाखल झालीस, डॉक्टर काय म्हणाले, आजचे आकडे काय, उद्या काय होणार. मग सांग. शेवटी पुढच्या फोनची वेळ सांग आणि ती वेळ पाळ. विम्याच्या पॉलिसीची प्रत, पासपोर्टचा फोटो आणि इस्पितळाचा पत्ता घरच्या एका माणसाकडे धाड. उद्या तुला बोलता आलं नाही तर तुझ्या वतीने बोलणारं कुणीतरी असायला हवं. विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर तू दाखल झाल्यावर तिसऱ्या दिवशी फोन केलास. शक्य असतं तर तो दाखल होण्याआधीच करायचा असतो, काही कंपन्या त्याच कारणावरून पैसे अडवतात. आता निदान डिस्चार्जचा कागद, प्रत्येक बिल आणि औषधाची चिठ्ठी मूळ स्वरूपात जवळ ठेव.

पुन्हा एकटीला सोडतील का? मला सांगता येणार नाही, मी तुझ्या आईला ओळखत नाही. पण एवढं मी अनुभवाने म्हणते: आज तुझ्या तोंडून कळलं तर ती आजाराला घाबरेल. सहा महिन्यांनी बिलातून किंवा मैत्रिणीच्या तोंडून कळलं तर ती पुढच्या प्रत्येक फोनवर पंखा ऐकेल.

घरी परतायचं की राहायचं, ते लगेच ठरवू नकोस. पॅरासिटामॉलशिवाय पूर्ण दोन दिवस ताप नसला, खाणं पोटात टिकू लागलं, प्लेटलेटचे आकडे सलग चढते राहिले आणि पाऊल कोरडं झालं, तर डॉक्टरांना विचारून ठरव. त्यांनी विमानाला हो म्हटलं आणि तुला घर हवंसं वाटलं तर जा. आजारात माणसाला घर हवंसं वाटतं, त्यात हार मानण्यासारखं काही नाही. राहावंसं वाटलं तर राहा, पण तिसरं बेट मनातून काढून टाक. एकाच ठिकाणी, इस्पितळापासून रिक्षाच्या अंतरावर, खालच्या मजल्यावर, संडास जवळ असलेली खोली घे. तिथल्या माणसाला स्पष्ट सांग: 'मी आजारातून उठते आहे, सकाळ-संध्याकाळ एकदा दार वाजवा.' अनोळखी माणसं असं काम मनापासून करतात. तुला इस्पितळात पोहोचवायला जिने स्वतःची सातची बोट सोडली, ती मुलगी तुला आठ दिवसांपूर्वी माहीतही नव्हती.

थकवा राहील. ताप गेला तरी दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त, जिना चढताना दम लागतो, उगाच रडू येतं, कशात मन लागत नाही. ते आजारातून उठणाऱ्या शरीराचं असतं. त्यावरून 'मला प्रवास झेपतच नाही' असा निकाल देऊ नकोस. दोन-तीन महिन्यांनी केस मुठी-मुठीने गळायला लागले तर घाबरू नकोस, मोठ्या तापानंतर असं होतं आणि केस परत येतात. आणि घरी गेल्यावर वर्षभरात कधीही ताप आला, तर डॉक्टरांना पहिलं वाक्य हे सांग की मी अमुक बेटांवर राहून आले. मलेरिया असा उशिरानेही निघतो. आणखी एक: डेंग्यूचे चार प्रकार आहेत. एक होऊन गेला म्हणजे सुटका नाही. दुसऱ्या प्रकाराचा झाला तर तो जास्त गंभीर होण्याची शक्यता असते. तेव्हा पूर्ण बाह्यांचे कपडे आणि डासांचं मलम यापुढे सॅकमध्ये सगळ्यात वर.

शेवटी तू विचारलंस, उरलेल्या आठ दिवसांचं करू काय. सकाळी ऊन चढायच्या आत उठ, मोजे घाल, जखमेवर कोरडी पट्टी बांध. खोलीतली खुर्ची कुणाला तरी उचलून द्यायला सांग आणि पाण्यापासून दहा पावलांवर सावलीत मांडून घे. पाऊल दुसऱ्या खुर्चीवर वर ठेव. अर्धा तास बस, थकलीस की आत जा. संध्याकाळी पुन्हा. त्या खिडकीतून बोटभरच दिसत होता ना, आता पुरा बघ. पाय मात्र पाण्यात घालू नकोस.